पाठीकडून शिवलेला कोट

जुळे सोलापूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

श्री. गुरुराज यांस सप्रेम नमस्कार.

आज सकाळी नळाला पाणी आलं, ते भरून ठेवलं. पोळ्यांच्या बाई आल्या नाहीत म्हणून भात लावला, तो जरा खाली लागला. दुपारी शुक्रवार पेठेत जाऊन शिंप्याकडून कोट आणला. दिवस एवढाच.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं असं तुमच्या प्रियदर्शनीनं कळवलं. बरं वाटलं. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत जिने चढउतार करू नका. (तुमची यशोदाताई असती तर हे तिनं तुम्हाला दिवसातून दोनदा सांगितलं असतं, म्हणून मी निदान एकदा लिहितो.) माझी तब्येत ठीक आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून पत्र.

विषय कोटाचा आहे. यशोदाच्या चौदाव्याला रीतीप्रमाणे तुम्ही, म्हणजे माझ्या सासरच्या माणसानं, नवं वस्त्र माझ्या खांद्यावर घालायचं, म्हणजे दुखवटा उतरला. पण तुम्ही बार्शीला पाय वर टांगून पडलेले. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "भाऊजी, तुमच्या मनासारखं काहीतरी घ्या, आमच्याकडून समजा. मी हिंडायला लागलो की येऊन खांद्यावर घालतो." तुमच्या मनात पांढरा शर्टपीस असणार. मीही तोच घ्यायला हवा होता. पण मनासारखं म्हटल्यावर मला एकच कपडा आठवला, आणि तो गुडघ्याच्या खाली येतो.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं दुपारी पडदे ओढून मोबाईलवर हेरांचे सिनेमे बघत असू. (परदेशी, हिंदीत बोलणारे. नातेवाइकांना आम्ही कीर्तन ऐकतो असं सांगितलं होतं. तुम्हालाही.) शेवटच्या सिनेमात एक हेर होता, त्याचा चेहराच दाखवत नाहीत. धुक्यातून तो पाठमोरा चालत जातो, अंगात साधा काळा लांब कोट. बिल्ला नाही, झालर नाही. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला असा कोट चांगला दिसेल. तुम्ही असेच चालता, कोणाला पत्ता न लागू देता." सदतीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला असं कोणी म्हटलेलं नव्हतं. हेर कोण यावर आमची पैजही लागली. तिचं म्हणणं वकिलातीतला आचारी, माझं म्हणणं घड्याळजी. अर्ध्यावर तिला गळून गेल्यासारखं झालं. राहिलेला उद्या बघू म्हणाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तर कोट. आधी तयार कपड्यांच्या दुकानात गेलो. साधा काळा लांब कोट म्हटल्यावर त्यांनी मला काळी शेरवानी दाखवली, वर सोनेरी मोर. मी मोर नको म्हणालो. मग त्यांनी दोन मोरांची काढली आणि नवरदेवाचं माप विचारलं. मी मुकाट्यानं एक रुमाल घेऊन बाहेर आलो. (मला दुकानातून रिकाम्या हातानं उठता येत नाही. ते काम ती करायची.)

ही गोष्ट आमच्या शाळेतला जुना शिपाई मायाप्पा याच्या कानावर गेली. तो सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर काळी घोंगडी टाकून दारात हजर. "सायेब, काळं पायजे, लोकरीचं पायजे, मग हे घ्या की." मला भरून आलं. कापड खरोखर चांगलं होतं. मी म्हटलं, याचाच कोट शिवू. तर तो दोन पावलं मागं सरला. "कातर न्हाय लावायची याला, सायेब. देवाला बसायला घालतो आमी." म्हणजे कोटाचं कापड मिळालं, फक्त त्याचा कोट करायचा नाही. घोंगडी आता सोफ्यावर आहे. मायाप्पा तिच्यावर बसून चहा पिऊन गेला. जाताना यशोदाच्या तुळशीला पाणी घालून गेला.

शेवटी शुक्रवार पेठेतला प्रभुलिंग शिंपी. तो जन्मभर वकिलांचे कोट शिवत आला आहे. गडद कापड त्यानंच काढलं आणि नमुना मागितला. मी मोबाईल पुढं केला. आता या मोबाईलची एक खोड आहे. सिनेमा जिथं थांबवला तिथूनच तो पुन्हा सुरू होतो. त्या जागेच्या पुढं मला जायचं नव्हतं. मी घाईनं मागं नेला आणि त्याला पहिला अर्धा भाग दाखवला. प्रभुलिंगनं चष्मा वर करून तीन वेळा पाहिला. "सर, पाठ कळली. छाती कवा दिसायची?" मी म्हटलं, पुढच्या भागात असेल. "मग पुढं सरकवा की." मी म्हटलं, नको. त्यानं माझ्याकडं पाहिलं, टेप गळ्यात टाकली आणि कानडीत काहीतरी पुटपुटत माप घेऊ लागला.

परिणाम आज घरी आला आहे. पाठीकडून कोट हुबेहूब हेराचा. पुढून कळेना म्हणून त्यानं हाताच्या सवयीनं वकिलाचा शिवला. म्हणजे मी जाताना गुप्तहेर आणि येताना वकील.

याचा अनुभव लगेच आला. पिशवीत घालायचं सोडून मी तो अंगावरच घालून निघालो. (ऊन चांगलंच होतं. घामानं शर्ट चिकटला.) रिक्षाच्या थांब्यावर एक बाई शेजारी येऊन बसल्या, बाळाबाई म्हणून, अक्कलकोटकडच्या. थेट बांधाच्या भांडणाला सुरुवात. भावानं बांध कसा सरकवला, विहिरीवर काय बोलला, सगळं. मी वकील नाही हे सांगायला मधे फटच मिळेना, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. दोन रिक्षा गेल्या. शेवटी मी एवढंच म्हटलं की खटला राहू द्या, भावाला घरी बोलावून एकदा समोर बसवा. बाई म्हणाल्या, फी किती. तेव्हा मला सांगावं लागलं. त्या बघतच राहिल्या. "तुमी वकील न्हाय व्हय? मग इतकं बसून ऐकलं कशापायी?" श्रावणापासून माझ्याजवळ इतका वेळ कोणी बसलेलं नव्हतं, हे त्यांना सांगून काय करायचं.

असो. घरात सर्वांना नमस्कार व प्रियदर्शनीस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
गोपाळ

ता. क. : लग्नात हा कोट घालून येणार नाही, काळजी नसावी. मांडवात मी पांढऱ्या शर्टात मागच्या रांगेत बसेन. पण त्याआधी दुखवटा उतरायला हवा, नाहीतर लग्नाला माझा पाय घरातून निघायचा नाही. म्हणून एक काम होतं. तो सिनेमा तुम्ही तिकडे बघा आणि कोटाला पुढून बटणं किती आहेत एवढंच कळवा. प्रभुलिंग दुरुस्त करून देतो म्हणाला आहे. हेर कोण ते मात्र लिहू नका.

ता. क. २ : वरचं खोडायचं होतं, पण कागद खराब होईल. बटणांचं राहू द्या. तुम्हीच या. लिफ्ट चालू आहे. कोट आहे तसा खांद्यावर घाला आणि मग राहिलेला सिनेमा आपण दोघं बघू. मला एकट्याला पुढं जाता येत नाही. आचारी निघाला तर पैज ती जिंकली असं तुमच्यासमोर कबूल करीन.

ता. क. ३ : पाकीट बंद करताना पाहिलं तर कोटाचं वरचं बटण सैल आहे. आमच्याकडे सुईत दोरा मी ओवून द्यायचो आणि बटण ती लावायची. दोरा ओवून झाला आहे. आता लावतो.