सत्तर किलो जास्त

पावणे,
२० जुलै १९९६

प्रिय निशांत,

काल केलाँगहून तुझा फोन आला, तेव्हा मी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर इथे लिहितोय.

तुझ्या पिकअपने लडाखला जायचं, हे आपण तीन वर्षं ठरवत होतो. ऑफिस सुटलं की तू नेरूळहून थेट माझ्या वर्कशॉपवर यायचास. कंपनी एक टन सांगते, पण खडकाळ रस्त्यावर साडेआठशे किलोच्या वर भरायचं नाही, हा हट्ट माझा. त्यात पाणी, डिझेल आणि आपण दोघंही धरायचे. मागचा लोखंडी सांगाडा मीच कापून काढला आणि अ‍ॅल्युमिनियमचा बसवला. पाण्याचे कॅन तळाशी, मागच्या चाकांच्या पुढे बांधले. टपावर फक्त अंथरुणं.

जूनमध्ये सगळं भरून, दोघंही आत बसून, आपण वजनकाट्यावर गेलो. रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं तर नऊशे वीस. सत्तर किलो जास्त. तू चिठ्ठी हातात धरून म्हणालास, "आता काय काढायचं, तौहीद? स्टेपनी काढता येत नाही, पाणी काढता येत नाही." आणि माझ्याकडे नुसता बघत राहिलास. शेवटी मीच म्हणालो, "मी उतरतो. मी आणि माझी बॅग, झाले सत्तर." तू मला मिठी मारलीस, म्हणालास, एकटाच जाईन. घरी येऊन मी हादियाला सांगितलं, निशांतला माझ्याहून जास्त वाईट वाटलंय. ती बिचारी तुझ्यासाठी लाडू करायला बसली.

तू निघालास आणि आठ दिवसांनी वर्कशॉपच्या पत्त्यावर, जो आपण या प्रवासाच्या सगळ्या पत्रांवर देत होतो, केलाँगच्या गेस्टहाउसचं कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं, "आपल्या बारा एप्रिलच्या पत्राप्रमाणे खोली राखून ठेवली आहे." नावं निशांत सबनीस आणि सुभाष कर्णिक. कर्णिक म्हणजे तुझे साहेब, ज्यांच्या सहीवाचून तुझं प्रमोशन अडलंय. एप्रिलमध्ये मी अजून सांगाडा कापत होतो रे. मी ते कार्ड तीनदा वाचलं. बायकोला दाखवायची लाज वाटली.

आणि काल तू सांगतोस, साहेबांची पेटी आणि खुर्च्या टपावर होत्या, मागच्या चाकांवरच्या स्प्रिंग-पाट्याची दोन पानं तुटली, साहेब बसने परत गेले. "नवे पाटे घेऊन तूच ये यार, पुढे आपण दोघं जाऊ."

पाटे पाठवतोय. वाशी मार्केटमधून हिमाचलला परतणाऱ्या ट्रकमध्ये ठेवलेत, हे पत्र त्यांच्याच बरोबर आहे. आधी टप रिकामा कर, मगच बसवून घे. मी येणार नाही. "साहेबांना न्यावं लागतंय" एवढं मला तोंडावर सांगितलं असतंस, तरी मी ती गाडी तशीच बांधून दिली असती. तू गप्प उभा राहिलास आणि मला माझ्या तोंडाने उतरायला लावलंस.

आजवर तुझाच असलेला,
तौहीद