माळावरची रोपं

नैरोबी

चि. शेखर,
अनेक आशीर्वाद.

मुरबाडच्या आपल्या माळावर हे आणि तू पालथे पडून धाविक पक्षी पाहायचात आणि मी भाकऱ्या गार झाल्या म्हणून हाका मारायचे, ते आज आठवलं.

लेकीकडे मी बरी आहे. शेजारच्या सकुबाईचा खोकला थांबला का?

काल इथल्या माळरानावर तसाच पक्षी पळताना दिसला. वाटाड्या म्हणाला, हा तुमच्या धाविकाचा जवळचा भाऊबंद. दिसतो टिटवीसारखा, पण नातं नदीकाठच्या आर्ली पक्ष्याशी. याला उघडी जमीन लागते. झाडं वाढली की जागा सोडतो.

शेखर, हे गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी माळभर रोपं मीच लावून घेतली, कडेला त्यांच्या नावाची पाटीही. तू म्हणालासही, "ताई, धाविक दिसत नाय गो." मी तुलाच चष्मा बदलायला सांगितलं.

पाऊस लागला की रोपं मुळांसकट काढ. आंबे सकुबाईला दे, मोह लखमाच्या पाड्यावर, आवळे शेणव्याच्या गावशाळेला. ह्यांची दुर्बीण तुला. त्यांच्या नावाची पाटी मात्र कुणाला देऊ नकोस, ती मला हवी आहे.

तुझी,
ताई