झाकणाखालचा चिटोरा

सोमवार, ४ मार्च
मिस्त्रीकडून गाडी आणली. तेल बदललं म्हणतो. मी पाहिलेलं नाही, कारण त्याने चहा मागवून मला बाहेर बसवलं. चहात साखर जास्त होती. माणूस उगाच इतका गोड वागत नाही.
घरी येऊन डिपस्टिक पाहिली. तेल खुणेच्या किंचित खाली. आता पाळत ठेवायची. इंजिनात तेल ओततात तिथल्या झाकणाखाली कागदाचा चिटोरा दाबून ठेवला. कुणी झाकण उघडलं की चिटोरा पडणार. बायकोला सांगितलं नाही. तिचा मिस्त्रीवर विश्वास आहे, हेही इथे नोंदवतो.

गुरुवार, ७ मार्च
गाडीखाली तेलाचा डाग, बशीएवढा. चिटोरा जागेवर, पण तेलाने चिंब. म्हणजे वरून कुणी हात लावलेला नाही. घोळ खाली आहे. इंजिनच्या बुडाला तेलाची पसरट पेटी असते, ऑइल पॅन. तिच्या कडेचं तेल अडवणारं गॅस्केट मिस्त्रीने मुद्दाम बिघडवलं असणार.
बायको म्हणाली, अहो, आधी इंजिन पुसून तर बघा, तेल येतंय कुठून ते. हे वाक्य तिला कुणी शिकवलं?
रविवारी बाबा येणार. गाडी त्यांची. मला दिली तेव्हा दादा म्हणाला होता, याच्या हातात वर्षभर टिकली तरी पुष्कळ. बंद दिसली तर तो घेऊन जाणार. आणि बाबांना डोळे साथ देतायत तोवर एकदा तिच्यातून तळ्यापर्यंत जायचंय.
पॅन मीच काढणार. व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत काढतो.

शुक्रवार, ८ मार्च
रजा. ऑफिसात पाठदुखी कळवली. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली, तेल काढलं. मागचे बोल्ट एका आडव्या लोखंडी पट्ट्यामागे दडवलेत. ही गाडी ज्याने बनवली तोही मिस्त्री लोकांना सामील.
संध्याकाळ. पाठ खरंच दुखते.

शनिवार, ९ मार्च
बोल्ट निघाले. पॅन निघेना. बायकोने उलथनं आणून दिलं. देताना हसली.
पॅन निघाला. तळाशी उरलेलं तेल माझ्या तोंडावर. गॅस्केट तपासलं. कुठेही गळती दिसली नाही. मिस्त्री पुरावा मागे ठेवत नाही. खरवडून काढताना ते फाटलं, ती गोष्ट वेगळी.
नवं गॅस्केट मिस्त्रीकडेच मिळतं. जाणार नाही. त्याला तेच हवंय.

रविवार, १० मार्च
बाबा टॅक्सीने आले. गाडी स्टँडवर, पॅन पायरीशी पालथा. मी मिस्त्रीचं सगळं कारस्थान त्यांच्या कानावर घातलं. ते बॉनेटखाली वाकले. आता नीट दिसत नाही, म्हणून हाताने चाचपत होते. झाकणापाशी बोटं थांबली. चिटोरा ओढून काढला. म्हणाले, हे काय रे? मी सांगितलं. बायको तोंडावर हात धरून आत गेली.
बाबा म्हणाले, मध्ये कागद असला तर झाकण घट्ट बसेल कसं, राजा? तेल वरून उतरतंय.
लहानपणी सायकलवरून पडलो की राजा म्हणायचे.
मी म्हणालो, आज तळं नाही जमणार. ते म्हणाले, मग नुसतं बसू. स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी, बायको येऊन मागे बसली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, वळण आलं का गं? ती म्हणाली, आलं, डावीकडे घ्या. त्यांनी घेतलं. पुढे तळंही आलं. पाणी भरपूर आहे, असं तिने सांगितलं.
निघताना मी म्हणालो, दादाला काही सांगू नका. ते म्हणाले, न सांगायला काय झालं? जाऊन आलो की.

रात्री
उद्या गॅस्केट आणायला मिस्त्रीकडे बायको जाणार आहे. आपणहून म्हणाली. बघायला हवं.
चिटोरा वाळवून ठेवला आहे. आठवडाभरात झाकण कुणीही उघडलं नव्हतं, एवढं तरी सिद्ध झालं.