दादा जागा होता

दि. ९ सप्टेंबर

प्रिय वन्संबाई,
स. न. वि. वि.

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच म्हटलं. तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं त्याबद्दल रागावू नकोस. फोनच केला असता, पण हल्ली हे दिवसभर फोनशेजारच्या खुर्चीतच बसून असतात, आणि जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगता येत नाही.

आपली नवीन पिकअप बंद पडली. अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही, आणि भर उतारावर बंद पडली. मागे चारही टाक्या माशांच्या पिल्लांनी भरलेल्या. धरणाच्या पलीकडच्या तळेवाल्याकडे माल पोचवायला हे एकटेच निघाले होते. यांचं म्हणणं असं की आधी रेडिओ गप्प झाला, मग समोरचे सगळे दिवे गेले, मग इंजिन. स्टिअरिंग दगडासारखं घट्ट झालं आणि ब्रेकवर उभं राहावं तेव्हा कुठे थोडा लागायचा. कसंबसं त्यांनी गाडी कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. पुढचा बंपर चेपला, यांच्या खांद्याला मार बसला. त्याहून जास्त काही झालं नाही, हेच नशीब म्हणायचं.

पण गाडीबरोबर टाक्यांतला हवेचा पंपही बंद झाला. तुला सांगायला नको, लहानपणापासून पाहते आहेस. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली की हातात फार वेळ नसतो. रस्त्यालगत एक रोपवाटिका होती. तिथल्या मालकाने पाण्याचा हौद मोकळा करून दिला आणि दोघांनी बादल्या भरभरून पिल्लं त्यात नेऊन सोडली. दुखऱ्या खांद्याने यांनी किती फेऱ्या घातल्या असतील कोण जाणे. तरी निम्मी गेली.

पुढे जे झालं त्याने आम्ही सगळेच थकलो आहोत. गाडी ओढून न्यायला शोरूमचा माणूस आला, त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. त्यांनी ती आठवडाभर ठेवून घेतली, संगणक लावून तपासली आणि काहीही दोष नाही असं सांगून परत पाठवली. आमचे चिरंजीव यांना म्हणाले, बाबा, तुमचा डोळा लागला असेल, दचकून हात किल्लीला लागला असेल, होतं असं. चांगल्या मनानेच म्हणाला गं. त्या दिवसापासून यांनी गाडीला हात लावलेला नाही. अंगणात उभी आहे, हे खुर्चीत बसले आहेत.

लोभ ठेव, आणि त्यातला थोडा यांच्यासाठी वेगळा काढून ठेव.

तुझी,
वहिनी


दि. १५ सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच ऑफिसात बसून राहिले. माझं ऑफिस म्हणजे तुला माहीत आहे, जिन्याखालची खोली. वरून वसतिगृहातल्या साठ मुली दणादणा उतरतात आणि छताचा पोपडा माझ्या चहात पडतो. आज पाण्याची टाकी धुवायची आहे, दोन मुलींचं एका बादलीवरून भांडण मिटवायचं आहे, आणि स्वयंपाकीणबाई रुसून बसल्या आहेत. रेक्टर म्हणजे पगारी सासू. असो.

दादाचा डोळा लागला नव्हता. माझा भाऊ म्हणून बोलत नाहीये. भाऊ म्हणून त्याची बाजू घ्यायची माझी फारशी सवयही नाही. पण तूच लिहिलं आहेस की आधी रेडिओ गेला, मग दिवे, मग इंजिन. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला एवढा क्रम सांगता येईल का? माझ्या मुली रात्री उशिरा आल्या की कारणं सांगतात, ती ऐकून ऐकून मला खोटं चांगलं ओळखता येतं. हे खोटं नाही आणि भासही नाही. दादा जागा होता.

आता एक विचारते, रागावू नकोस. चिरंजीवांना काय वाटतं ते लिहिलंस, शोरूमवाल्यांना काय वाटतं ते लिहिलंस. तुला काय वाटतं ते पत्रात कुठेच नाही. दोनदा वाचून पाहिलं.

दादालाही वेगळं पत्र टाकते आहे. तू मला लिहिलंस हे त्याला कळू देणार नाही, बंपरची बातमी चिरंजीवाकडून कळली म्हणून लिहीन.

तू दुपारची जरा आडवी होत जा. आणि या आगाऊ नणंदेवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वन्संबाई (घे, झालं समाधान?)


दि. २४ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चिरंजीवाकडून बातमी कळली म्हणतेस. तो तुला वाढदिवसाला फोन करायला विसरतो, तो बंपरची बातमी बरा देईल. तुझ्या वहिनीने लिहिलं असणार. लिहू दे, तिलाही कुणाशी तरी बोलायला हवं.

खांदा बरा आहे. बाकी काय सांगू? लोक फार नम्रपणे विचारतात. शोरूममधला मुलगा म्हणाला, काका, झोप नीट होते ना? मग चिरंजीव मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, डोळे तपासले, एक रात्र अंगाला वायरी लावून झोपायलाही लावलं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. म्हणजे गाडीत दोष नाही आणि माझ्यातही दोष नाही. मग त्या उतारावर बिघडलं ते काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. सुरुवातीला मला पक्कं ठाऊक होतं. पण एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता आठवताना उतार दिसत नाही, स्वतःचं सांगणंच ऐकू येतं. परवा हौदाच्या कठड्यावर बसलो होतो तेव्हा मनात आलं, खरंच डोळा लागला असेल का? पापणी मिटून उघडायला कितीसा वेळ लागतो. आयुष्यभर गाडी चालवली, पण मी जागा होतो याची साक्ष कोण देणार? शेजारी कुणी नव्हतं.

तुझी वहिनी मात्र काहीच विचारत नाही. ताट वाढते, शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि गाडीचा विषय निघाला की उठून आत जाते. बाकीच्यांच्या प्रश्नांनी थकलो नसेन इतका त्या गप्प बसण्याने थकलो आहे. हे तिला लिहू नकोस.

रविवारी चिरंजीव स्वतः माल घेऊन जाणार आहे, त्याने आठवडाभर सुट्टी काढली आहे. गिऱ्हाइकं सुटायला लागली, त्यामुळे कुणीतरी जायलाच हवं.

जिन्याखालून बाहेर पडून कधीतरी उन्हात बसत जा. इकडे सगळे तुझी आठवण काढतात, मी जरा जास्त.

तुझा,
दादा


दि. २ ऑक्टोबर

प्रिय वन्संबाई,
स. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दामच दिलं नव्हतं. आता देते, पण आधी रविवारची हकीकत ऐक.

सकाळपासून पिल्लं भरायचं काम चाललं होतं. ऊन चढलं होतं. टाक्यांतला पंप चालावा म्हणून चिरंजीवाने गाडी चालूच ठेवली आणि तो कपडे बदलायला आत गेला. मी मागे जाळी धरून उभी होते. हे बरेच लांब, सिमेंटच्या हौदाच्या कठड्यावर, पाय पाण्यात सोडून बसले होते. नुसते बघत होते. आणि गाडी बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. घरघर चालली होती ती तुटली आणि टाक्यांतले बुडबुडे थांबले. पुढच्या सीटवर कुणीच नव्हतं.

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. चिरंजीव बाहेर आला आणि गाडी कुणी बंद केली म्हणून विचारलं. मग त्याने वडिलांचे पाण्यातले पाय पाहिले, माझ्या हातातली जाळी पाहिली, आणि किल्ली जिथल्या तिथे चालू स्थितीत पाहिली. मला वाटलं, हे आता काहीतरी म्हणतील. त्यांचा हक्कच होता. पण हे पाण्यातून पाय काढत म्हणाले, पंप बंद झालाय, आधी पिल्लं परत हौदात घ्या, मग बघू. तिघांनी मिळून सगळी परत घेतली. या वेळी एकही गेलं नाही.

नंतर चिरंजीव किल्ली फिरवत बसला. गाडी ढिम्म. इंजिन निवलं तेव्हा पुन्हा पहिल्या झटक्यात चालू. मग त्याने शोरूमला फोन लावला, आणि माझ्या पोटच्या पोराचा तसा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मोठा मिस्त्री आला. या वेळी संगणक बाजूला ठेवून त्याने पुढचा पत्रा उघडला. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीचा नट कारखान्यातून निघतानाच पुरता आवळलेला नव्हता. गाडी तापली, हादरली की जोड सुटायचा, निवली की पुन्हा चिकटायचा. आजूबाजूचं प्लास्टिक जळून काळं झालं होतं. बरोबर आलेला शोरूमचा व्यवस्थापक गोड शब्दांत दिलगिरी व्यक्त करत होता. यांनी त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त तो नट मागून घेतला, तळहातावर ठेवून पाहिला आणि परत दिला. मग आत जाऊन संध्याकाळपर्यंत झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घोरण्याचा आवाज आला.

मला वाटलं, संपलं. पण रात्री जेवताना यांनी मला सरळ विचारलं, तुलाही वाटलं होतं ना, माझा डोळा लागला म्हणून?

हेच तुझ्याही प्रश्नाचं उत्तर आहे. मी हो म्हटलं. तोंडात खोटं तयार होतं गं, पण आलं नाही. मी सांगितलं की आदल्या रात्री तुम्ही हिशेब करत उशिरापर्यंत जागे होतात, म्हणून मला तसं वाटलं, आणि तुमच्या तोंडावर विचारायची भीती वाटत होती. यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जाणार. तर म्हणाले, विचारलं असतंस तर बरं झालं असतं, मग आपण दोघांनी मिळून शंका घेतली असती. मी एकटाच घेत होतो.

मग आमटी वाढून मागितली. मी वाढली. चिरंजीव मान खाली घालून जेवत होता. गाडी दुरुस्त झाली ती एका दुपारात; घराला जरा जास्त वेळ लागेल असं दिसतंय.

आज धरणाच्या पलीकडे माल जायचा आहे, तोच रस्ता, तोच उतार. चिरंजीव म्हणाला, मी चालवतो. यांनी नको म्हटलं. मी म्हटलं, निदान त्याला बरोबर तरी न्या. तर म्हणाले, त्याला नको, तू चल. पुन्हा तसं झालं तर तू पाहिलेलं असू दे.

म्हणून साडी बदलून तयार आहे आणि उभ्याउभ्याच हे लिहिते आहे. पुष्कळ सांगायचं राहिलं, पण बाहेर हे हॉर्न वाजवताहेत. माया असू दे.

तुझी,
वहिनी