गॅलरीतली पावलं

प्रिय हर्षू,

तुमच्या मेलबर्नला म्हातारी माणसं समुद्रकाठी पळतात म्हणे. आपले बाबा गेल्या वर्षी दारापासून मोरीपर्यंत जात, तेवढ्या वेळात मी चिंचपोकळी स्टेशनहून घरी पोचायचे. कंपवाताने उंबरा आला की पाय फरशीला चिकटायचे. म्हणून त्यांना हॉस्पिटलच्या एका अभ्यासात घातलं. डोक्याला ओले स्पंज, त्यातून मेंदूला सौम्य करंट आणि त्याच वेळी ट्रेडमिलवर चालणं. गिरणीच्या रिंग खात्यात उभ्याने जन्म काढलेला माणूस. वायरी बघून म्हणाला, इतकी वर्षं बुधाजीने मशीन चालवलं, आता मशीन बुधाजीला चालवणार!

सहा आठवड्यांत बाबा चालायला लागले. मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण हर्षू, ती चाल बाबांची नव्हती. उजवं पाऊल लांब, डावं आखूड, घासत. मग दाराशी क्षणभर थांबणं. कमरेचं हाड मोडल्यावर आई चालायची, हुबेहूब तसं. मी स्वतःलाच म्हटलं, माये, डोकं तपासून घे, स्पंज आहेतच. पण परवा भर दुपारी बाबा गॅलरीत फेऱ्या मारत होते आणि शेजारच्या गंगुबाईंनी तांदूळ निवडता निवडता आतूनच हाक दिली, अगं मीराबाई, बस की जरा, किती फिरशील! मग त्यांना आठवलं, आईला जाऊन दोन वर्षं झाली. सूप हातातून पडलं. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, जपून, फरशी ओली आहे. फरशी कोरडी ठणठणीत होती. आई घसरली ती हीच जागा.

मी अभ्यासाच्या डॉक्टर प्रितींना गाठलं, म्हटलं करंट कमी करा. त्यांनी यादी उघडली. अभ्यासात निम्म्यांना खरा करंट होता, निम्म्यांना नुसते स्पंज. बाबा नुसत्या स्पंजवाले. व्यायामाने सुधारले असतील, त्या म्हणाल्या. असतीलच. व्यायामाने पाय सुधारतात. दुसऱ्याचे पाय कसे मिळतात, ते काही त्यांच्या कागदात नव्हतं.

आता नुसत्या स्पंजवाल्यांची पाळी, सोमवारपासून बाबांना खरा करंट देणार आहेत. बाबांनी सही केलीय. स्वतःच्या पायांनी चालायचंय म्हणतात, मी आडवी येणार नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू व्हिडिओ कॉलवर होतास, भन्तेजींचं त्रिसरण सुरू होताच नेटवर्क गेलं. शेवटचं वर्षभर, तू फोन करतो म्हणायचास त्या वेळी, ती गॅलरीत फेऱ्या घालायची आणि दाराशी थांबून फोनकडे कान द्यायची. हे तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही, रागाने. सोमवारनंतर ती पावलं उरतील की नाही, ठाऊक नाही. रविवारपर्यंत ये. बेल वाजवू नकोस. दाराशी आधीच कुणीतरी थांबलेलं असेल.

तुझीच,
माया