मुखपृष्ठावरची फुली

ता. ४, सोमवार

माझ्या दारावर लाल रंगाची फुली मारून गेलंय कुणीतरी. रॉकेलने घासली, राखेने घासली, खांदा गेला पण फुली जागची हलली नाही. आणि ती आधी काढलीस तू. आता खुशाली विचारते.

चि. चिमणीस, आजीचे आशीर्वाद. तुझ्या रॅपवाल्या मासिकाचा अंक पाहिला. तू केलेल्या मुखपृष्ठावर तो सुलतान म्हणवणारा रॅपवाला उभा. फोटोवाल्याने जमिनीवर लोळून काढला की काय, बूट टोपल्याएवढे, डोकं लिंबाएवढं, नाकपुड्यांत दोन उंदीर सुखाने राहतील. पंजा बघणाऱ्याच्या तोंडावर आणलेला, बोटाबोटात अंगठी. त्या हाताने कधी ताट विसळलेलं नसणार. त्याच्या बुटाखाली तुझ्या भावाचा चेहरा, त्यावर फुली, आणि वर रक्त गळतंय अशी अक्षरं: ‘खिळा उपटला’. काडीसारखा होता म्हणून खिळा हे नाव मी ठेवलं, ते असं छापायला नव्हे. सख्ख्या भावाच्या तोंडावर रंग ओतताना हात कसा धजला तुझा?

गल्लीतल्या टोळक्याने ते पान विजेच्या खांबावर डकवलंय. खिळा हल्ली वेल्डिंगच्या दुकानात मागच्या बोळाने जातो. शीळ घालत नाही. घर फार गप्प झालंय.

लगेच लिही. माया नंतर पाठव, अक्कल आधी.

तुझी आजी

ता. ७, गुरुवार

ती. आजीस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग ओशाळले. अगं, आमच्या मासिकाची बोलीच वेगळी. ‘मारला’ म्हणजे गाण्यात हरवला. ‘युद्ध’ म्हणजे खिळ्याने आणि सुलतानाने एकमेकांवर गाणी केली. खालून फोटो काढला की माणूस उंच दिसतो. गळकी अक्षरं भिंतींवर फवाऱ्याने लिहिणाऱ्यांकडून आली. आणि फुली म्हणजे एवढंच की ही फेरी गेली. पुढच्या अंकात हरलेल्याला दोन पानं मिळतात, फुली फाडून तो बाहेर येतोय असा फोटो असतो. वाचणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. खिळ्याला मी चित्र आधीच दाखवलं होतं. तोच म्हणाला, फुली किरकोळ वाटते, जाड कर.

छापून आल्यावर मात्र तो माझा फोन घेत नाही. तुझा तर पिठाच्या डब्याशेजारी बंद पडलेला असतो. दारावरचा पोरांचा चावटपणा आहे, मनावर घेऊ नकोस.

रागावलीस तरी जवळच धर.

तुझी चिमणी

ता. ११, सोमवार

चि. चिमणीस आशीर्वाद.

वाचणाऱ्यांना पाठ असेल. खांबावरचं पान न वाचणारेच जास्त बघतात.

दुकानात खिळ्याचा वेल्डिंगचा मुखवटा टांगलेला असतो, त्याच्या काचेवर फुली निघाली. मालक म्हणाला, थोडे दिवस घरीच बस. सुलतानाची माणसं मोटारसायकलवरून गल्लीतून जातात, हळू, हॉर्न न वाजवता. एकाने माझ्याकडे बघत हवेत बोटाने फुली काढली. मी त्याला केरसुणी दाखवली. तो हसला नाही, ते मला आवडलं नाही.

पण काल खिळ्याने शीळ घातली. तुमच्या कचेरीतून निरोप आलाय म्हणे: शनिवारी दिवेलागणीला बंद गोदामाच्या मागे फोटो, त्या दोन पानांसाठी. एकट्याने यायचं, पांढरे बूट घालून. सकाळपासून दात घासायच्या ब्रशने बूट घासतोय. फोटो कोण काढणार, ते मला कळव. नुसतं ‘काळजी करू नकोस’ लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी आजी

ता. १५, शुक्रवार

आजी, खिळ्याला पाठवू नकोस.

अंकांची गाडी तुमच्याकडे निघालीय, ड्रायव्हरच्या हाती हे देतेय. आमच्या फोटोवाल्याला विचारलं. त्याला शनिवारचं काही माहीतच नाही. कचेरीतून कुणी बोलावलेलं नाही.

आणखी एक. आमच्याकडे सगळे रंगीत छापतात. गेलेला माणूस तेवढा करड्या रंगात, मागे ढग, नजर वर, खाली दोन सालं. काल संपादकांनी खिळ्याचं तसं पान करायला सांगितलं. का, विचारलं तर म्हणाले, असू दे तयार, असली पानं घाईत वाईट होतात. मी केलं, आजी. जन्मसाल घातलं, पुढे आडवी रेघ मारली, जागा मोकळी ठेवली. फक्त त्यांनाच दाखवलं. पान मी काढून घेतलंय, सोडून हलत नाही. फोन लावतेय, तो घेत नाही.

चिमणी

ता. १७, रविवार

चि. चिमणीस आशीर्वाद. पत्र वेळेवर पोचलं. दारावरची फुली बघून ड्रायव्हर पाणीही न पिता पळाला.

खिळ्याला मी समजावत बसले नाही. सांगून ऐकणारं रक्त आपल्या घरात नाही. त्याच्या पांढऱ्या बुटांवर गाडीचं जळकं तेल ओतलं. जीव गेला तरी चालेल, पण कळकट बुटांनी तो कॅमेऱ्यापुढे उभा राहणार नाही. ही अक्कल तुमच्याच मासिकाने दिलेली. माझ्यावर ओरडला, दार आपटलं. मग तुझं पत्र त्याच्यापुढे टाकलं. तेव्हापासून कागद धरून बसलाय, जेवला नाही.

दूधवाला सांगत होता, काल गोदामामागे दिवे विझवलेली गाडी बराच वेळ उभी होती. माणसं होती. कॅमेरा कुणाकडेच नव्हता.

आज सकाळी दार उघडलं तर फुलीवर नवा हात फिरवलेला, रंग ओला. फुलीखाली खिळ्याचं जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि पुढची जागा मोकळी.

ते पान तू आणि तुझा संपादक, दोघांनीच पाहिलंय. मग आमच्या गल्लीला ती रेघ कुणी शिकवली?

तू सामान बांध आणि घरी ये. आणि ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या संपादकाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, टोपणनाव न घालता.

तुझी आजी