वड सोडून

३ जून
इझाबेल बेटाचा इतिहास आज मी घडवला. गावाच्या वतीने लाकूड कंपनीच्या कागदावर सही. अट माझीच: झऱ्यावरच्या वडाला हात लावायचा नाही, त्यावर आपल्या हातभर लांब सापसुरळ्या राहतात. कंपनीच्या मुकादमाने लगेच मान डोलावली. गुणी माणूस. धाकटी बहीण नेस्टा म्हणाली, दादा, जमीन आईकडून लेकींना येते, तू कोण सही करणारा? बायकांना कागदपत्रांतलं कळत नाही.
उद्यापासून सुपारी बंद.

९ जून
सुपारी चालू. करवतींच्या आवाजाने डोकं दुखतं. आवाज अर्थात डोंगरापलीकडचा आहे.

२१ जून, दुपार
आवाज अलीकडचाच निघाला. वडावरच्या सापसुरळ्या भरदिवसा खाली उतरल्या. शेपटीने पारंब्या घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या. नऊ मोजल्या. नेस्टा म्हणते, ही जनावरं दिवसा ढोलीबाहेर येत नाहीत, भेदरलीत. मला वाटतं, आभार मानायला आली असावीत.

६ जुलै
कंपनीने शब्द पाळला! वड जसाच्या तसा. भोवती एकही झाड उरलं नाही, त्यामुळे तो कुठूनही उठून दिसतो. माझ्या नावाचा बोर्ड लावावा म्हणतो. नेस्टा म्हणाली, झाड वाचवलंस रे, रान कुठंय? सापसुरळ्या आठ. एखादी झोपली असेल.

१५ जुलै
झऱ्याचं पाणी चहासारखं. गाळून प्यायचं ठरवलंय. सापसुरळ्या तीन. पाखरं नाहीत, किडे नाहीत, करवतीही थांबल्या. ही शांतता मला सहन होत नाही. मुकादमाला फोन केला. उचलला नाही. बिझी असणार.

२४ जुलै, रविवार
चर्चनंतर नेस्टाने सगळ्यांसमोर सांगितलं, जमिनीबद्दल यापुढे दादा बोलणार नाही. माझं भाषण तयार होतं. कोणी रागावलंसुद्धा नाही. लगेच पाणी कुठून आणायचं यावर बोलणं सुरू झालं.

२५ जुलै
पलीकडच्या खोऱ्यात पाणी आहे. दीड तासाची वाट. मला दोन बादल्या. बुलडोझरच्या लाल रस्त्यावर एक सापसुरळी मरून पडली होती. शेपटीचं वेटोळं एका तुटक्या काटकीभोवती तसंच घट्ट. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून थांबलो नाही. नेस्टाने आपल्या बादल्या खाली ठेवल्या आणि तिला पानात गुंडाळलं.
लाज वाटली, हे लिहून ठेवतो. आम्ही पाणी आणायला निघालो होतो. बादल्या रिकाम्याच होत्या.